चष्मेवाल्यांनी ब्रिज निवडला

"एक पट्टी निवडायला माणसाला तीन महिने लागतात?" वहिनींनी विचारलं.

"पट्टी नाही ती! ब्रिज आहे, ब्रिज!" चष्मेवाले उसळून म्हणाले. "गिटारच्या सहाच्या सहा तारा खाली त्याच्यावर टेकतात. तो चुकला की सगळं चुकलं."

"हे घर घेताना तुम्ही दारातून नुसते आत डोकावलात आणि 'घेतलं' म्हणालात. बाथरूमचा नळ गळतो, हे राहायला आल्यावर कळलं."

"घराची गोष्ट वेगळी. घर म्हणजे काय, चार भिंती. इथे सुराचा प्रश्न आहे!"

कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून ते सगळ्या गल्लीचे चष्मेवाले, आणि त्यांची बायको सगळ्या गल्लीची वहिनी. दुकानात चष्मेवाल्यांचा मोठा दरारा होता. एखादं गिऱ्हाईक फ्रेम निवडताना रेंगाळायला लागलं, की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागे. "ताई, फ्रेम दहा वेळा बदलता येईल, नाक बदलता येणार नाही. घ्या ही!" असं ते म्हणत, आणि गिऱ्हाईक घाबरून 'ही' घेऊन जाई. असा हा माणूस गेले तीन महिने बाल्कनीत एका बिनब्रिजच्या गिटारसमोर बसून स्वतःच्या हनुवटीला चिमटे काढत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण वहिनींनी या तीन महिन्यांत इतकी वापरली होती की आता त्या फक्त 'लोकां सांगे' एवढंच म्हणत.

या सगळ्याला कारण साडू. चष्मेवाल्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक तापांना साडूच कारण असत. वहिनींच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि कुठल्याही विषयावर बोलताना 'साधं आहे हो' अशी सुरुवात करत. नळ गळत असो, बँकेचं काम अडलेलं असो की कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन असो, साडूंना ते साधंच वाटे. एकदा चौघं मिळून संध्याकाळी फिरायला निघाले असताना चष्मेवाले एका वाद्यांच्या दुकानासमोर थबकले. काचेमागे एक तांबडी इलेक्ट्रिक गिटार उभी होती. तरुणपणी मित्राच्या गिटारवर शिकलेली एक धून त्यांना अजून येत होती. ती आठवून त्यांची बोटं आपोआप हलली, आणि ते नेमकं साडूंनी पाहिलं.

"काय साडूभाऊ, आवडली? घेऊन देतो हवी तर," साडू त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "कॉलेजात मीपण वाजवायचो."

साडू कॉलेजात गिटार वाजवत, याला खुद्द साडूंखेरीज एकही साक्षीदार नव्हता. पण चष्मेवाल्यांना झोंबलं ते 'घेऊन देतो'. लहान पोराला फुगा घेऊन द्यावा तसं!

"विकतची कशाला? मी स्वतः बनवीन!"

साडू हसले. "तुम्ही? अहो, साधं नाही हो ते."

ज्या माणसाला जगातली यच्चयावत गोष्ट साधी वाटत होती, त्याला नेमकी हीच तेवढी साधी वाटू नये! चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलाची जादा फळी, म्हणजे पाहुणे आले की टेबल ओढून मधे बसवायची ती, बाल्कनीत नेऊन आडवी पाडली आणि करवत चालवली. वहिनी बाजारातून येईपर्यंत फळीला कंबर आली होती. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी वहिनींचं समाधान म्हणून पेल्यांखाली ठेवायच्या गोल चकत्या करून दिल्या. "टेबल नेलंत आणि टेबलावर ठेवायच्या चकत्या दिल्यात," एवढंच वहिनी म्हणाल्या, पण ज्या सुरात म्हणाल्या तो सूर चष्मेवाल्यांना बरेच दिवस पुरला.

बाकी काम मात्र त्यांनी खरोखर सुरेख केलं. तयार मान आणून ती धडाला अशी घट्ट बसवली की सांध्यात कागद जाऊ नये. खुंट्या बसवल्या, वायरी जोडल्या, लाकडाचा रंग दिसावा म्हणून वरून नुसतं पारदर्शक पॉलिश दिलं. राहिला फक्त ब्रिज. एक साधा पक्का ब्रिज असतो, स्क्रूने ठोकला की हलत नाही. आणि एक हलता, जो मागच्या बाजूच्या स्प्रिंगांच्या जोरावर तरंगतो. त्याची दांडी दाबली की सूर खाली झुकतो आणि सोडली की परत येतो. हा की तो, यात तीन महिने गेले. आणखीही गेले असते, पण मधेच साडूंचा फोन आला.

"काय साडूभाऊ, झाली का गिटार? की अजून लाकूडच?"

"रविवारी जेवायला या दोघं!" चष्मेवाले ओरडले. "वाजवूनच दाखवतो!"

त्यांनी फोन आपटला. मागे वहिनी उभ्या होत्या.

"जेवायला बोलावलंत ते कुठल्या टेबलावर? चार माणसं त्या उरलेल्या अर्ध्यावर कोपराला कोपर लावून बसणार. ते असू दे. पण एक सांगून ठेवते. रविवारी त्या फळीतून सूर निघाला तर ठीक. नाहीतर सोमवारी सुताराला बोलावून ती फळी परत टेबलात बसवणार. मान ठेवायची की कापायची, ते सुतार ठरवेल."

एवढी देखणी मान सुताराच्या करवतीखाली जाणार, या कल्पनेने चष्मेवाल्यांना त्या दिवशी गिऱ्हाइकांचे नंबरसुद्धा नीट दिसेनात. संध्याकाळी दुकान बंद करून ते तडक त्या वाद्यांच्या दुकानात गेले. जाताना मनाशी पक्कं ठरवलं होतं. पक्का ब्रिज. चार स्क्रू, विषय संपला.

वाद्यवाले गल्ल्यामागे बसून कसलीशी तार गुंडाळत होते. त्यांच्या नाकावरचा चष्मा चष्मेवाल्यांच्याच दुकानातला होता. फ्रेम इतकी घट्ट की नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ उठले होते. चष्मेवाल्यांना पाहून त्यांनी चष्मा काढला, वळ चोळले आणि पुन्हा घातला.

"ब्रिज हवाय," चष्मेवाले म्हणाले. "पण आधी जरा समजावून सांगा. पक्क्याने आवाज जास्त टिकतो म्हणतात, ते खरं का? आणि हलत्याचं वजन किती? आणि पोलादी असला तर..."

वाद्यवाल्यांनी दोन डब्या उघडून त्यांच्यापुढे ठेवल्या. एकीवर बोट ठेवलं. "यात बरं वाटतं?" मग दुसरीवर. "की यात?"

"नंबर काढताना मी विचारतो तसं? थट्टा करता का?"

"छे हो. पुन्हा बघा. यात? की यात?"

"अहो, असं दोन सेकंदांत कसं सांगणार? आयुष्यभराचा प्रश्न आहे!"

"माझं नाकही आयुष्यभराचंच होतं," वाद्यवाले शांतपणे म्हणाले. "मला तुम्ही किती सेकंद दिले होते? दुसरी फ्रेम बघू का विचारलं, तर म्हणालात, साहेब, चेहरा तुमचा, फ्रेम बिचारी काय करणार!"

चष्मेवाल्यांना हे बोलल्याचं आठवत होतं. तेव्हा ते त्यांना फारच मार्मिक वाटलं होतं. पण आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, तेही गल्ल्यावर, तेही दोन गिऱ्हाइकांदेखत ऐकायला लागावं, हा सरळसरळ अपमान होता. तरीही त्यांनी गिळला. "पक्का द्या," ते म्हणाले.

"शहाणपणाचं केलंत," वाद्यवाले डबी बांधायला लागले. "शिकाऊ माणसाला पक्काच बरा."

"कोण शिकाऊ?"

"म्हणजे, पहिलीच गिटार ना तुमची? हलत्यासाठी धडाला आरपार भोक पाडावं लागतं, मागे स्प्रिंगांना खाच करावी लागते. शिकाऊ माणसाने त्याच्या वाटेला..."

"हलता द्या!"

"अहो, पण..."

"हलता म्हणजे हलता! अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने जग बघतो मी! शिकाऊ म्हणे!"

तीन महिने जे ठरलं नव्हतं ते अशा प्रकारे एका क्षणात ठरलं. चष्मेवाले घरी आले ते जिना आपटत, आणि वहिनींनी दार उघडताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा टाकला.

ब्रिजच्या डबीत एक पातळ कागद होता. त्यावर भोक कुठे आणि खाच कुठे ते रेखून दाखवलं होतं. चष्मेवाल्यांनी गिटार पालथी घातली, कागदाकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात हसले. सामान्य माणूस इथेच फसतो, ते स्वतःशी म्हणाले. वस्तू पालथी घातली की उजवी बाजू डावीकडे येते, हे त्याला सुचतच नाही. चष्मेवाल्यांना ते कुणी शिकवायला नको होतं. उभी हयात समोरच्या गिऱ्हाइकाचा उजवा डोळा स्वतःच्या डाव्या हाताला बघण्यात गेली होती. समोर काही आलं की त्यांचा मेंदू न सांगता उजव्याचं डावं करून टाके. त्याने याही वेळी ते केलं. बुबुळांमधलं अंतर मोजायची आपली लाडकी पट्टी लावून त्यांनी कागदावरची प्रत्येक खूण बाजू बदलून लाकडावर उतरवली, ड्रिल चालवलं, मग पटाशीने कडा साफ केल्या. भोक असं नेटकं झालं की त्यात बोट फिरवताना त्यांना स्वतःचा अभिमान वाटला.

मग त्यांनी गिटार सुलटी केली. भोक तारांच्या रस्त्यापासून चांगलं तीन बोटं बाजूला, अगदी ऐसपैस जागी, उघडं पडलं होतं.

कागद त्यांनी पुन्हा पाहिला. तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलं होतं, की हे चित्र मागूनच पाहून काढलेलं आहे. म्हणजे बाजू कागदवाल्यांनी आधीच बदलली होती, आणि चष्मेवाल्यांनी ती पुन्हा बदलून परत जागेवर आणून ठेवली होती.

"एवढ्या बारीक अक्षरांत छापतात?" ते बाल्कनीत गरजले. "माणसाला वाचता येऊ नये म्हणून छापतात का? चष्मेवाल्याला वाचता येत नाही, तिथे इतरांचं काय?"

"काय झालं?" आतून वहिनींनी विचारलं.

"काही नाही!"

चुकीचं भोक बुजवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण बुजवायचं कशाने? पॉलिश पारदर्शक. दुसरं कुठलंही लाकूड लावलं तर ते ठिगळासारखं दिसणार, आणि साडू दारातूनच म्हणणार, 'साधं आहे हो, इथे फाटलं होतं वाटतं.' लाकूड त्याच फळीचं हवं. आणि त्या फळीच्या सगळ्या तुकड्यांच्या तर त्यांनी स्वतःच्या हाताने चकत्या करून टाकल्या होत्या! त्यांनी एक चकती भोकाजवळ धरून पाहिली. जाडीने पातळ, आकाराने गोल, कशातच बसेना. त्यांची नजर हळूहळू बाल्कनीतून आत गेली आणि उरलेल्या टेबलावर येऊन थांबली. तेच झाड, तोच रंग, तीच जाडी.

वहिनी बाहेर गेल्याचं पाहून त्यांनी ते काम उरकलं. कोपरा निवडला तो अर्थात स्वतःच्या बसायच्या जागेपुढचा, कारण तिथे त्यांच्याखेरीज कुणाचं ताट येत नसे. कमी पडायला नको म्हणून कडेपासून चार बोटं आत तळहाताएवढा तुकडा कापला, मग घासून घासून भोकाच्या मापाचा केला, आणि तो गिटारमध्ये असा बेमालूम बसला की चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. टेबलाच्या भोकाला त्यांनी खालून पुठ्ठा चिकटवला आणि वरून टेबलक्लॉथ पसरला. नक्षीचा, लग्नात मिळालेला, आजवर कपाटाबाहेर न आलेला.

"हा कुणी पसरला?" घरी आल्यावर वहिनींनी विचारलं.

"मी. पाहुणे येणार म्हणून."

"तुम्ही?" वहिनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. आपली बायको किती सहज फसते, याचं चष्मेवाल्यांना त्या दिवशी जरा वाईटही वाटलं.

यानंतर त्यांनी बरोबर जागी भोक पाडलं, ब्रिज बसवला, तारा चढवल्या, आणि मग त्यांना कळलं की खरा छळ अजून व्हायचाच होता. हलत्या ब्रिजला एका बाजूने तारा ओढतात आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा. पहिली तार सुरात आणावी, तर तेवढ्या ताणाने ब्रिज पुढे झुके आणि उरलेल्या पाच ढिल्या पडत. त्या पाच आवराव्यात, तर पहिली बिघडे. एकाची समजूत काढावी तर पाच रुसतात, हे संसारी माणसाला नवीन नाही. पण संसारातून दोन घटका सुटका व्हावी म्हणून घेतलेल्या वस्तूनेही तेच करावं? चष्मेवाल्यांनी ब्रिजला, तो बनवणाऱ्याला आणि तो विकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. अखेर मागच्या स्प्रिंगा केसाकेसाने आवळत, दर खेपेला सगळ्या तारा नव्याने लावत, रविवारी पाहुणे यायच्या जेमतेम आधी त्यांनी सहाही तारा सुरात आणल्या. ती एकमेव धून वाजवून पाहिली. दांडी दाबली, सूर झुकला, सोडली, परत आला. चष्मेवाल्यांना क्षणभर सगळ्या जगाला माफ करावंसं वाटलं, साडूंनासुद्धा.

तेवढ्यात बेल वाजली.

"वा, वा! टेबलक्लॉथ काय, थाट काय!" साडू आत आले. मागून ताई आल्या, बहिणीला मिठी मारून दोघी स्वयंपाकघरात गेल्या. चष्मेवाल्यांनी गिटार लहानशा स्पीकरला जोडून दिवाणावर दिमाखात मांडून ठेवली होती. साडूंनी तिच्याकडे पाहिलं, मान तिरकी केली, ब्रिजजवळ नाक नेलं. "हं," ते म्हणाले. नुसतं 'हं'! चष्मेवाल्यांना तो 'हं' शिवीपेक्षा लागला.

"आधी जेवून घ्या सगळे," वहिनी आतून म्हणाल्या, "नाहीतर गार होईल. वाजवणं मग होतच राहील. भाऊजी, तुम्ही इकडे बसा, पंख्याखाली."

पंख्याखाली म्हणजे चष्मेवाल्यांच्या जागेवर.

"ती माझी जागा आहे!" चष्मेवाले म्हणाले.

"पाहुण्यांना उठवता? शोभतं का?" वहिनींनी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ताटं वाढली गेली. साडूंचं ताट कोपऱ्यापासून जरा अलीकडेच राहिलं, म्हणून चष्मेवाल्यांनी श्वास सोडला. मग वहिनी स्वयंपाकघरातून पाण्याचा भला मोठा काचेचा जग घेऊन आल्या, काठोकाठ भरलेला, बाहेरून ओला. इकडे तिकडे पाहिलं, आणि अगदी बरोबर त्या कोपऱ्यावर ठेवला.

टेबलक्लॉथची नक्षी तिथे हलकेच खोलगट झाली.

चष्मेवाल्यांनी घास तोंडातच ठेवून डावा गुडघा उचलला आणि खालून पुठ्ठ्याला लावला. नक्षी वर आली. "जग इकडे दे ना, मला पाणी हवंय," ते म्हणाले.

"तुमचा पेला भरलेलाच आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पेला एका दमात संपवला. वहिनींनी जग उचलला, पेला भरला आणि जग होता तिथेच परत ठेवला. ओला पुठ्ठा आता मऊ पडायला लागला होता. चष्मेवाल्यांच्या गुडघ्याला ते स्पष्ट जाणवत होतं.

"मग काय साडूभाऊ?" साडू जेवता जेवता म्हणाले. "ऐकवा की तुमची गिटार. जेवताना संगीत म्हणजे मजाच."

"नंतर."

"नंतर कशाला? दोन पावलांवर तर आहे. उठा, वाजवा."

"मी जेवताना वाजवत नाही!" चष्मेवाले म्हणाले. त्यांचा पाय थरथरायला लागला होता. इकडे आड, तिकडे विहीर. उठावं तर जग जाणार, टेबलाचं बिंग फुटणार, ते पाहुण्यांदेखत. बसावं तर ज्या घटकेसाठी इतका छळ सोसला ती घटका हातची जाणार. आणि हे सगळं कुणामुळे? तर एका लोचट जगामुळे!

"अहो, वाजवा ना," ताईंनीही आग्रह केला. "मी तर तेवढ्यासाठीच आले."

"त्यांचं पोट भरलेलं नाही अजून," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे अगदी निरखून बघत राहिल्या.

"असू दे, असू दे. जबरदस्ती नको," साडू समजूतदारपणे म्हणाले, आणि तो समजूतदारपणा चष्मेवाल्यांच्या अंगावर काट्यासारखा उठला. "होतं असं. दिसायला छान झालीय हो गिटार. वाजत नसेल तर त्यात लाज कसली?"

"वाजते!"

"तो हलता ब्रिज घेतलात ना, तिथेच चुकलं. तो सुरात ठेवणं फार कठीण. पक्का घ्यायचा. साधं आहे हो. शिकाऊ माणसाने नेहमी..."

"कोण शिकाऊ?"

चष्मेवाले उठले. उठले म्हणजे खुर्ची मागे उडवून, दोन्ही पायांवर, संपूर्ण उठले. पुठ्ठ्याने एक ओला उसासा टाकला. जग भोकात कमरेपर्यंत रुतला, त्याचं तोंड साडूंकडे वळलं, आणि नळ सोडावा तसं सगळं पाणी टेबलाच्या कडेवरून साडूंच्या मांडीवर रिकामं झालं.

साडू हात वर करून बसून होते. ताईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. वहिनींनी शांतपणे जग ओढून काढला, ताटं बाजूला केली, टेबलक्लॉथ गोळा केला, आणि टेबलाचं ते चौकोनी भोक सगळ्यांपुढे उघडं पडलं.

"हा तुझा कोपरा कुठे गेला?" ताईंनी कसंबसं विचारलं.

"गिटारमध्ये," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे तुला माहीत होतं?" चष्मेवाले ओरडले.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही कधी स्वतःच्या ताटाखाली वर्तमानपत्र पसरलं नाहीत. टेबलक्लॉथ पसरलात तेव्हाच मी तो उचलून पाहिला."

"आणि तरी जग तिथे ठेवलास!"

"मुद्दाम ठेवला. म्हटलं, तीन महिने बघतेय, या माणसाला काही निवडता येत नाही. आज बघू, जग धरून बसतो की गिटार उचलतो."

"मी काहीही निवडलेलं नाही! मला राग आला म्हणून उठलो!"

"तेच म्हणते मी. तुमचं सगळं रागातच ठरतं. तो ब्रिजही असाच आणलात ना? जिना आपटत आलात तेव्हाच कळलं मला." वहिनींनी आतून फरशी पुसायचं फडकं आणलं आणि एका हातात ते धरून दुसऱ्या हाताने दिवाणावरच्या गिटारकडे बोट केलं. "आता सांगा. हे? की ती?"

तीन माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यातलं एक ओलंचिंब होतं. चष्मेवाल्यांनी फडकं घेतलं. इतक्या झटपट त्यांनी घरही निवडलं नव्हतं. संतापाने फुरफुरत ते टेबलाखाली शिरले आणि फरशी अशी रगडायला लागले जणू सगळा दोष तिचाच होता. इतका खटाटोप केला, टेबल गेलं ते गेलं, आणि वाजवायच्या वेळी माणूस कुठे? तर टेबलाखाली! उद्या सुतार येणार, मान कापणार, आणि साडू जन्मभर ही गोष्ट सांगत फिरणार. त्यांना वाटलं, आपण इथेच राहावं, वर येऊच नये.

साडू आत जाऊन चष्मेवाल्यांचा पायजमा घालून आले. तो त्यांना घोट्याच्या बराच वर राहिला. मग कुणीतरी गिटारच्या स्पीकरचं बटण चालू केल्याचा खट्ट आवाज आला, आणि टेबलाखाली फरशी पुसणारा हात थांबला.

गिटार वाजायला लागली. आधी चाचरत, मग सरळ, मग अशी की ताईंचं हसणं थांबलं. चष्मेवाल्यांची धून नव्हती ती. त्यांना न येणारी, लांबलचक, अवघड काहीतरी होती, आणि मधेच दांडी दाबली गेली तेव्हा सहाही तारा एकत्र खाली लवल्या आणि एकत्र वर आल्या, एकही रुसली नाही. साडू कॉलेजात खरंच वाजवत असत! या माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट खोटी सांगितली असती तर काय बिघडलं असतं?

वाजवणं थांबलं.

"साडूभाऊ," साडूंचा आवाज आला. त्यात नेहमीचा तोरा नव्हता. "अहो, इतका नेमका बसलेला हलता ब्रिज मी दुकानातल्या गिटारवरही पाहिला नव्हता. हे साधं नाही हो."

वीस वर्षांत साडूंच्या तोंडून निघालेला हा पहिला मनापासूनचा चांगला शब्द, आणि तो ऐकायला चष्मेवाले हातात ओलं फडकं घेऊन टेबलाखाली गुडघ्यांवर होते. त्यांचा चेहरा कुणाला दिसत नव्हता, हे एक बरंच झालं.

"ऐकलंत का?" वहिनी म्हणाल्या. "सुताराला मी उद्या बोलावणार आहेच. पण टेबलासाठी. गिटारला कुणी हात लावायचा नाही."

चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. मग राहवेना, म्हणून मान वर करून त्या चौकोनी भोकाला एक डोळा लावला आणि दुसरा मिटला, दुकानात गिऱ्हाइकांना सांगत तसा. वरती पायजम्यातले साडू, एक पाय खुर्चीवर ठेवून उभे, त्या मांडीवर गिटार, आणि तिचा ब्रिज नेमका साडूंच्या मनगटाआड गेलेला.

"मला दिसत नाहीये," ते खालून खेकसले. "जरा डावीकडे घ्या ती!"

साडूंनी गिटार उचलली आणि थांबले.

"कुणाच्या डावीकडे, साडूभाऊ? माझ्या की तुमच्या?"

टेबलाखालून आधी एक हात बाहेर आला, मग तो आत जाऊन दुसरा आला.